लक्ष कुठे होते?



लहानपणी आपण सर्वांनीच एक प्रश्न पुष्कळदा ऐकलेला आहे. दूध उतू गेले, छत्री शाळेत राहिली, वाण्याकडून साखरेऐवजी मीठ आणले, की घरातून विचारणा होई, "लक्ष कुठे होते तुझे?" ती दटावणीच असे; उत्तराची अपेक्षा कुणालाच नसे. पन्नाशी ओलांडल्यावर तोच प्रश्न मला स्वतःला विचारावा लागला, आणि या वेळी मात्र उत्तर देणे भाग होते. आजचा लेख त्या उत्तराविषयी आहे.

रोज पाहूनही न दिसलेले

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. सोलापूरची ख्याती उन्हाळ्याची असली, तरी थंडीतली पहाट वृद्धांना बोचतेच. माझा दवाखाना नवी पेठेत आणि घर त्याच्याच वरच्या मजल्यावर. आई तेव्हा ८१ वर्षांची होती. मधुमेह २६ वर्षांचा. रोज सकाळी खाली उतरण्यापूर्वी मी तिचा रक्तदाब मोजत असे, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहत असे, दोन्ही आकडे वहीत लिहीत असे आणि जिना उतरत असे. सारे मिळून चार मिनिटांचे काम.

एका मंगळवारी आईला आंघोळ घालणाऱ्या मावशी दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आजींच्या टाचेला फोड आलता, तो फुटलाय. तुम्ही बघितला असंलच." मी बघितला नव्हता. तीन रात्रींपूर्वी पाय गार पडले म्हणून आईने गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घेतली होती. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात; चटका बसला तरी तो मेंदूपर्यंत पोहोचत नाही. तिला कळले नाही यात नवल नव्हते. नवल होते ते माझे. तिन्ही सकाळी मी तिच्यासमोर बसलो होतो. वहीत तिन्ही दिवसांचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

जखम भरायला दहा आठवडे लागले. पाय वाचला. त्या दहा आठवड्यांत रोज पट्टी बदलताना एकच विचार मनात येई, की मधुमेही रुग्णांना 'रोज पाय पाहा' असे सांगण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली आहेत. ज्ञान कमी पडले नव्हते; मी तिथे नव्हतो. शरीर आईजवळ असे आणि मन खाली दवाखान्यातल्या रांगेत. मावशी फारशा शिकलेल्या नाहीत. पण त्यांचा हात जिथे असतो, तिथेच त्यांचे मन असते.

जुनाच शब्द, नवे नाव

याच उपस्थितीला आज जगभर 'माइंडफुलनेस' म्हणतात. आपल्याला ती कल्पना परकी नाही. आपल्या मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याशेवटी 'सावधान' हाच शब्द येतो. अवधान, सावधानता, सजगता ही सारी एकाच घरातली भावंडे. या क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे ते, त्याच्यावर लगेच बऱ्यावाईटाचा शिक्का न मारता, जाणून घेणे, एवढाच तिचा अर्थ. मन कोरे करणे किंवा डोळे मिटून निराळ्याच जगात जाणे म्हणजे सजगता नव्हे.

पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात. संस्कृतातल्या 'स्मृति' या शब्दाचेच ते रूप. हे नाते मला फार अर्थपूर्ण वाटते. "डॉक्टर, हल्ली विसरायला होते," असे सांगत अनेक ज्येष्ठ माझ्याकडे येतात. त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट विसरलेली नसते. ती मुळात मनात शिरलेलीच नसते. चष्मा ठेवताना मन दुसरीकडे होते, मग तो कुठे ठेवला हे आठवणार कसे? अर्थात, ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, रोजचे व्यवहार न जमणे, अशी लक्षणे असतील तर ती निव्वळ दुर्लक्षावर ढकलू नयेत. तपासणी करून घ्यावी.

ब्रह्मदेशातले लेखापाल

सजगता हा संन्याशांचा विषय आहे, असा समज असणाऱ्यांना मी सयाजी ऊ बा खिन यांची हकीकत सांगतो. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले. संसार होता, मोठ्या कचेरीची जबाबदारी होती आणि त्याबरोबरच विपश्यनेचे आचार्यपदही होते. कचेरीतल्या सहकाऱ्यांनाही ते साधना शिकवत. १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभारले.

१९५५ साली त्यांच्याकडे एक तरुण भारतीय वंशाचे उद्योजक आले. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले हे सत्यनारायण गोयंका. अर्धशिशीने ते इतके त्रस्त होते, की वेदनेसाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. एक डॉक्टर म्हणून मला या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो पुढचा. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचे असेल, तर ऊ बा खिन यांनी शिकवायला नकार दिला. मन निर्मळ करण्यासाठी यायचे असेल तर यावे. त्यात दुखणे हटले तर तो जोडलाभ, अशी त्यांची भूमिका होती. जो गुरू आजार बरा करण्याचे आश्वासन देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायला माझ्यासारख्याला हरकत वाटत नाही.

त्यानंतर १४ वर्षे गोयंका गुरुजी उद्योग आणि कुटुंब सांभाळत या गुरूंच्या मार्गदर्शनाखाली साधना करत राहिले. १९६९ साली ते भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ साली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला 'धम्मगिरी' हे केंद्र आकाराला आले. २०१३ साली त्यांचे निधन झाले; शिबिरे आजही चालू आहेत. चौदा वर्षे हा आकडा लक्षात ठेवावा. इतके बुद्धिमान आणि कर्तबगार गृहस्थ, तरी त्यांना गुरूच्या देखरेखीची इतकी वर्षे गरज वाटली.

पश्चिमेकडे हीच वाट रुग्णालयातून गेली. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातही दर आठवड्याला शिक्षकासमोर बसणे आणि घरी रोज सराव करणे ही दोन्ही अंगे आहेत. २०१४ साली ध्यानाच्या विविध पद्धतींवरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसते. मात्र औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरते असा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. 'माफक' हा शब्द मी जपून वापरतो. माफक म्हणजे थोडे. पण थोडे म्हणजे काहीच नाही असे नव्हे.

दहा दिवस आणि त्यानंतरचे वीस

आईची जखम भरल्यावर मी इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. पहाटे चारला घंटा. फोन जमा. नऊ दिवस मौन. पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, ज्याला आनापान म्हणतात. त्यानंतर शरीरावरच्या संवेदना पाहायच्या. निवास-भोजनाचे शुल्क नाही. पूर्वी शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर सारे चालते. पहिल्या दिवशी माझे मन एका वेळी चार श्वासही थांबले नाही. रुग्णाला 'मन शांत ठेवा' असे सांगणे किती सोपे असते, हे त्या दिवशी उमगले.

दहावा दिवस संपताना वाटले, की आता आपण बदललो. निघताना सांगितले होते, की रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. परतलो. पहिला आठवडा दोन तास झाले. दुसऱ्या आठवड्यात एक. तिसऱ्या आठवड्यात डेंग्यूची साथ होती, गर्दी होती, कारणे होती. विसाव्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की आज बसायचे राहिले हे देखील मला आठवलेले नाही.

वाचकहो, या टप्प्यावर बहुतेक जण मनोमन ठरवतात, की 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे'. मीही तेच ठरवणार होतो. पण एका परिचितांच्या घरी रविवारी सामूहिक साधना होते असे कळले, म्हणून गेलो. आणि पुढे एकदिवसीय शिबिरात एका सहाय्यक आचार्यांची भेट झाली. मी ओशाळून सांगितले, की बसणे सुटले आहे. ते रागावले नाहीत, त्यांनी उपदेशही केला नाही. त्यांनी विचारले, "एक रुग्ण बाहेर जातो आणि दुसरा आत येतो, त्या मधल्या वेळात तुमचे लक्ष कुठे असते?"

लहानपणचाच प्रश्न, पण या वेळी विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवे होते. मी विचार करून सांगितले, की त्या वेळात मी घड्याळ पाहतो. ते म्हणाले, "तेवढा वेळ दोन श्वास पाहा. सकाळ-संध्याकाळचे बसणे सोडू नका, दहा मिनिटांपासून पुन्हा चढवत न्या. महिन्याने भेटा, तेव्हा मी हेच विचारणार आहे."

गुरू कशासाठी?

सजगता पुस्तकातून किंवा फोनवरच्या ध्वनिफितीतून शिकता येत नाही का? सुरुवात जरूर करता येते. पण या विद्येत एक अडचण आहे. किल्ली हरवली तर ती हरवल्याचे आपल्याला कळते. लक्ष हरवले, तर ते हरवल्याचे कळायला जे लागते, तेच हरवलेले असते. म्हणून बाहेरचा माणूस लागतो. विचारणारा, पाहणारा, वेळेवर खांद्यावर हात ठेवणारा.

आपल्या सोलापूरकरांना हे समजावून सांगावे लागू नये. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि मिरवणुकीने अडुसष्ट लिंगांच्या भेटीला जातात. तो उंच ध्वज पेलणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले तर काय होईल, हे रस्त्यावर उभ्या प्रत्येकाला दिसते. त्यासाठी यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव चालतो. नवा तरुण पेलत असतो आणि जाणते मानकरी शेजारून चालत असतात. तोल त्यालाच सांभाळायचा असतो. शेजारचा माणूस फक्त तो कुठे कलतो आहे ते सांगतो. गुरूचे काम तेवढेच, आणि ते कमी नाही.

त्या मधल्या दोन श्वासांनी माझ्या दवाखान्यात काय केले, त्याचे एक उदाहरण देतो. पक्षाघात झालेल्या पतीची शुश्रूषा करणाऱ्या, सत्तरीच्या एक आजी चक्कर येते म्हणून आल्या. आठवड्यातली त्यांची ती दुसरी खेप. बसवून मोजलेला रक्तदाब १४० होता. मागचीच चिठ्ठी पुन्हा लिहिण्यासाठी मी पेन उचलले होते. पण आदल्या रुग्णानंतर दोन श्वास घेतलेले असल्यामुळे असेल, त्या खुर्चीतून उठताना टेबलाची कड घट्ट धरतात, हे मला दिसले. उभे करून पुन्हा मोजले, तर वरचा आकडा ११०. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक उतरणे हे पडण्याचे मोठे कारण असते. औषधाची मात्रा बदलली, उठण्याची रीत शिकवली. त्या पडल्या असत्या, तर एका घरात दोन अंथरुणे लागली असती.

जाण्यापूर्वी

शिबिराला जाण्याचा विचार असेल, तर काही गोष्टी आधी कराव्यात.

औषधे स्वतःहून बंद करू नयेत आणि अर्जात आजार लपवू नयेत. दहा दिवसांच्या शिबिरात मुख्य जेवण दुपारी बाराच्या आत होते. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि थोडे फळ वगैरे मिळते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर अशा वेळी रात्री धोकादायकरीत्या उतरू शकते. आपल्या डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी आणि केंद्राला आधीच कळवावे.

गंभीर मानसिक आजार झालेला असेल, किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर प्रदीर्घ मौनाने त्रास वाढू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून जाऊ नये.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. पाठ सरळ असली म्हणजे पुरे. मांडी घालणे ही अट नाही.

आणि गुरू पारखून घ्यावा. जो औषधे सोडायला सांगतो, आजार हमखास बरा करण्याची भाषा करतो, भरमसाट पैसे मागतो किंवा शंका विचारली की चिडतो, त्याला दुरून नमस्कार करावा. जो स्वतः नित्य साधना करतो, आपले वय आणि आजार विचारून सराव कमी-जास्त करतो आणि पुन्हा भेटायला बोलावतो, तो योग्य. त्याची परंपरा विपश्यनेची असो, योगाची असो वा रुग्णालयातल्या वर्गाची.

ज्यांना घर सोडून जाणे शक्य नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. शुश्रूषा करणाऱ्यांना दहा दिवस काय, दहा तासही मिळत नाहीत हे मी जाणतो. स्मृतिभ्रंश बळावलेल्या रुग्णाला ध्यान शिकवणे अवघड असते. पण त्याला घास भरवणारा माणूस सजग असेल, तर घाई नसलेला तो हात रुग्णाला कळतो.

पुढचा अंक येईपर्यंत

आपले पाक्षिक पंधरा दिवसांनी पुन्हा आपल्या हाती येईल. तोवर दिवसातल्या पाच जागा तेवढ्या सांभाळा.

१. उठताना. जाग आल्यावर कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, पाय खाली सोडा. पायांना जमीन लागली आहे हे जाणवू द्या. दोन मिनिटे श्वास पाहा, मगच उभे राहा. यात साधनाही झाली आणि रक्तदाबालाही सावरायला वेळ मिळाला.

२. गोळी घेताना. गोळी तळहातावर घ्या, रंग-आकार पाहा, ती कशासाठी आहे हे मनात म्हणा, मग गिळा. 'घेतली की नाही' या शंकेतून होणारी दुहेरी मात्रा याने टळते.

३. पहिला घास. भाकरीचा तुकडा, त्यावरची शेंगाचटणी. पहिला घास तोंडात असताना दुसरा मोडू नका, बोलू नका, दूरदर्शन पाहू नका. उतारवयात गिळण्याची क्रिया मंदावते; ठसका लागण्याचे प्रमाणही याने कमी होते.

४. पाय पाहताना. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांमधली जागा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा घरच्यांनी पाहावे. मधुमेह असेल तर पायांना गरम पिशवी नको, मोजे घाला. आंघोळीचे पाणी सांभाळणाऱ्याने आधी आपल्या कोपराने पाहावे.

५. ऐकताना. घरातले कुणी बोलत असेल तेव्हा, दिवसातून एकदा तरी, हातातले काम खाली ठेवून शेवटपर्यंत ऐका. उत्तर मनात तयार करू नका.

मन भटकेल. भटकले असे कळणे हीच साधना आहे. स्वतःवर न रागावता ते परत आणावे. आणि एक माणूस नेमा. गुरू मिळेपर्यंत तो शेजारी, सूनबाई, फिरायला येणारा मित्र, कुणीही चालेल. त्याने आठवड्यातून एकदा आपल्याला विचारायचे, की या आठवड्यात लक्ष कुठे होते?

मला हा प्रश्न विचारणारे दोघे जण आहेत. एक ते आचार्य. दुसऱ्या मावशी, त्या शब्दांनी विचारत नाहीत, सकाळी मी आईच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्याकडे नुसत्या पाहतात. आई आता ८५ वर्षांची आहे. चार मिनिटांचे काम आता दहा मिनिटांचे झाले आहे. आधी मी तिच्या पायाशी बसतो, मोजे काढतो, दोन्ही टाचा पाहतो. आकडे त्यानंतर.